परतीच्या दाराची कडी

आपल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. सरकारी खर्चाने उच्च शिक्षण घेऊन परदेशी स्थायिक झालेल्या डॉक्टर-अभियंत्यांना ठरावीक मुदतीत मायदेशी परतणे बंधनकारक करावे, न परतणाऱ्यांकडून शिक्षणाचा खर्च व्याजासह वसूल करावा आणि वसुली होईपर्यंत त्यांच्या पारपत्रांचे नूतनीकरण रोखून धरावे, अशी विनंती शासनास करणारा हा ठराव आहे. साहित्य मंडळाने असल्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु हैदराबादेतील मराठी मंडळींनी जगातील कोणत्या विषयावर ठराव केलेला नाही, ते सांगणे अधिक कठीण आहे. तेव्हा त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचा आक्षेप आहे तो ठरावाच्या प्रस्तावनेस. तुर्कस्तानसारखा मध्यम ताकदीचा देश आपल्या परदेशस्थ शास्त्रज्ञांना मानाने परत आणतो, मग आपणच मागे का, असा सवाल तेथे केला आहे.

प्रथम आमचा हितसंबंध उघड करतो. नोकरीतील जुनी शिस्त आहे. आमची कन्या सरकारी महाविद्यालयातून अभियंता झाली आणि गेली बारा वर्षे जर्मनीत आहे. ठराव अमलात आला तर तो तिच्यावर चालेल. ती परत यावी असे आम्हांस वाटत नाही असे मुळीच नाही. घरातील वडीलधारी माणसे वर्षातून दोनदा हा विषय काढतात, त्यांत आम्हीही असतो. पण तिला बोलावण्यासाठी तुर्कस्तानचा दाखला द्यावा, इतके आमचे वाचन अपुरे नाही.

तुर्कस्तानने बोलावणे धाडले ही गोष्ट खरी आहे. तेथील तुबिताक या वैज्ञानिक संशोधन संस्थेने २०१८ च्या अखेरीस परदेशातील नामवंत संशोधकांसाठी मोठ्या विद्यावेतनाची योजना जाहीर केली. ‘उलटा बुद्धिप्रवाह’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग मंत्र्यांच्या तोंडी बसला. काही संशोधक आले, आणि त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये एका डॉलरला सव्वापाचच्या आसपास लिरा पडत होते, आणि डिसेंबर २०२१ संपताना तेराच्या वर. पहिल्या वर्षी लिरात ठरलेली कोणतीही रक्कम तीन वर्षांत डॉलरच्या हिशेबाने निम्म्याहूनही खाली आली. हिशेबाची ही बाजू ठरावकर्त्यांनी पाहिलेली दिसत नाही. तरीही पैसा हा आमच्या मते या प्रकरणातील गौण मुद्दा आहे. माणूस कमी पगारावर परत येतो. आलेले आम्ही पाहिले आहेत. तो येत नाही ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात ३० ऑक्टोबर १९६१ रोजी कामगारभरतीचा करार झाला. इस्तंबूल येथील जर्मन कार्यालयात माणसांचे दात, छाती, लघवी तपासून त्यांना आगगाडीत बसवून म्युनिकला धाडण्यात येई. गेलेले सगळे नांगर सोडून आलेले शेतकरी होते, असा एक गैरसमज आहे. त्यांत सुतार, गवंडी, यंत्रकामगार असा कुशल वर्ग मोठा होता. शिक्षकी सोडून गेलेलेही होते. तेथे त्यांना बहुधा अकुशल कामच मिळाले. मूळ कल्पना अशी की दोन वर्षे काम करून माणसाने परतावे आणि त्याच्या जागी दुसरा यावा. कारखानदारांनाच ती परवडेना. शिकवून तयार केलेला कामगार दर दोन वर्षांनी कोण घालवील? १९६४ मध्ये ती अट गेली. त्या काळी तुर्क कामगार येत होता, जात होता, आणि पुन्हा येत होता.

नोव्हेंबर १९७३ मध्ये जर्मनीने भरती बंद केली. हेतू असा, की परके लोक कमी व्हावेत. झाले उलटे. १९७३ साली तेथे सुमारे नऊ लाख तुर्क होते. १९८० मध्ये त्यांची संख्या साडेचौदा लाखांवर गेली. याचे कारण शोधण्यासाठी समाजशास्त्राची पदवी नको. एकदा गेलो तर पुन्हा आत घेणार नाहीत, हे कळल्याबरोबर गावी जाऊन नशीब आजमावण्याचे धाडस कोणी करीना. लोकांनी बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतले. दार बंद झाल्यामुळे बाहेरचा आत येईनासा झाला हे खरे. पण आतला बाहेर जाईनासा झाला, हे अधिक खरे. आमच्या प्रतिपादनाचा पाया हाच आहे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

यातून जर्मनी काही शिकली नाही. चान्सेलर हेल्मुट कोल यांनी ऑक्टोबर १९८२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान थॅचर यांच्यापाशी खाजगीत सांगितले, की चार वर्षांत तुर्कांची संख्या निम्म्यावर आणण्याचा आपला विचार आहे. त्या संभाषणाचे टिपण २०१३ मध्ये खुले झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये परतीस साहाय्य करणारा कायदा आला. बेकार झालेल्या किंवा कारखाना बंद पडलेल्या कामगारास साडेदहा हजार मार्क, प्रत्येक मुलामागे दीड हजार, आणि निवृत्तिवेतनात त्याने स्वतः भरलेला हिस्सा परत. मालकाने भरलेला हिस्सा मात्र गेला. अट एकच होती: कुटुंबासह कायमचे जायचे. तुर्की भाषेत अशा परतीला ‘केसिन द्योनुश’, म्हणजे अखेरची, निर्णायक परत, म्हणतात. एक-दोन वर्षांत सुमारे अडीच लाख तुर्क परतले.

त्यांचे मायदेशी स्वागत कसे झाले? त्यांना एक नाव पडले: ‘अल्मांजी’, म्हणजे जर्मनीवाला. जर्मनीत परका आणि गावात जर्मनीवाला, अशी त्यांची दोन नावे झाली आणि दोन्ही घरची नव्हती. मोटारीचे सुटे भाग जोडण्यात वीस वर्षे घालवलेल्या हातांना अनातोलियाच्या खेड्यात काम नव्हते. कामगारांच्या बचतीतून उद्योग काढण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते. सरकारने १९७५ मध्ये त्यासाठी खास बँकही स्थापली. पण कामगारांनी भागभांडवल जमवून काढलेल्या त्या कंपन्यांपैकी बहुतेक बुडाल्या. कोणी आडगावी कारखाना काढला, तर कोणी हिशेबनीस नेमायचेच विसरले. सर्वांत हाल झाले ते मुलांचे. कोलोनला किंवा बर्लिनला वाढलेली मुले तुर्की शाळांतून बसवली गेली. ती घरात तुर्की बोलत, पण निबंध लिहू शकत नसत. त्यांच्यासाठी जर्मन माध्यमाच्या काही शाळा काढाव्या लागल्या. पुढे १९९० च्या परकीयांविषयीच्या कायद्यात जर्मनीलाच या पिढीतील तरुणांसाठी पुनःप्रवेशाची एक वाट ठेवावी लागली. पैसे देऊन लावलेली कडी सात वर्षांत थोडी सैल करावी लागली, ती अशी.

आता याच्या उलट उदाहरण पाहावे. २००६ पासून सुमारे दशकभर जर्मनीतून तुर्कस्तानात जाणाऱ्यांची संख्या तिकडून येणाऱ्यांपेक्षा अधिक राहिली. हे जाणारे म्हणजे केवळ निवृत्त कामगार नव्हते. जर्मनीत जन्मलेले, तेथील विद्यापीठांतून पदवी घेतलेले वकील, अभियंते, व्यवस्थापक इस्तंबूलला गेले. त्या पिढीला कोणी साडेदहा हजार मार्क दिले नव्हते; मार्क हे चलनही तोवर उरले नव्हते. मग ती का गेली? तुर्कस्तानची भरभराट चालू होती, ऑक्टोबर २००५ मध्ये युरोपीय संघाशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या, आणि जर्मनीत नाव तुर्की असले की नोकरीच्या अर्जावर काय होते हे त्यांना ठाऊक होते. हे सगळे खरे. पण यांच्यापैकी पुष्कळांच्या खिशात जर्मन पारपत्र होते, हेही खरे. जमले नाही तर परत जाता येईल, या भरवशावर माणूस पाऊल उचलतो. त्यांच्या वडिलांना तो भरवसा नव्हता. वडील वीस-वीस वर्षे ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत राहिले आणि मुले एका पिशवीनिशी गेली.

येथे ठरावाचे समर्थक म्हणतील, की ज्याने मागचे दार उघडे ठेवले तो कसला परतला? खऱ्या निष्ठेचा माणूस होड्या जाळून येतो. आमचे उत्तर असे, की होड्या जाळण्याची मागणी जो करतो त्याच्या किनाऱ्यावर काय वाढून ठेवले आहे, ते आधी विचारावे.

काय वाढून ठेवले होते, ते सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये ११२८ प्राध्यापक-संशोधकांनी आग्नेय तुर्कस्तानातील लष्करी कारवाई थांबवावी, असे निवेदन प्रसिद्ध केले. त्यांत परदेशी शिकून जाणीवपूर्वक मायदेशी आलेले कितीतरी होते. १५ जुलै २०१६ रोजी लष्करातील एका गटाचा उठाव फसला. त्यात अडीचशेच्या आसपास माणसे मारली गेली, आणि त्या रात्री रणगाड्यांपुढे उभे राहिलेल्या नागरिकांचे धैर्य आम्ही मानतो. परंतु त्यानंतरच्या दोन वर्षांच्या आणीबाणीत वटहुकमांच्या याद्यांतून एक लाखाहून अधिक सरकारी नोकर बडतर्फ झाले. निवेदनावर सही केलेले प्राध्यापकही शेकडोंनी त्या याद्यांत होते, आणि उठावाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. यादीत नाव आले की नोकरी गेली, सरकारी सेवेचे दार कायमचे मिटले आणि पारपत्र रद्द झाले. काही ठिकाणी जोडीदाराचेही झाले. घरी ठेवायचे नाही आणि बाहेर जाऊ द्यायचे नाही, असा तो प्रकार होता. जुलै २०१९ मध्ये तेथील घटना न्यायालयानेच निर्णय दिला, की त्या निवेदनाबद्दल शिक्षा करणे हा मतस्वातंत्र्याचा भंग आहे. पारपत्रे परत मिळण्याची वाट काही लोकांसाठी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील कायद्याने उघडली. तीन वर्षे गेली ती गेलीच.

सेरकान गोल्गे यांचे प्रकरण जगभर गाजले. ह्यूस्टन येथे नासात अंतराळवीरांवरील किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणारा हा शास्त्रज्ञ जुलै २०१६ मध्ये हाताय प्रांतात आईवडिलांकडे सुटीवर आला होता. सुटी संपवून निघण्याच्या सुमारास त्याला अटक झाली. साडेसात वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात पाच वर्षांवर आली; मे २०१९ मध्ये सुटका झाली, तरी देश सोडता आला तो २०२० मध्ये. तो तर परतलाही नव्हता, केवळ भेटीस आला होता. त्याच्यामागून किती जणांनी आपल्या सुटीचे बेत बदलले असतील, याची गणती कोणत्याही खात्याकडे नसते. ज्या सरकारने २०१८ मध्ये ‘परत या’ म्हटले, त्याच सरकारच्या तुरुंगात त्या दिवशी हा मनुष्य होता. ठरावाच्या प्रस्तावनेत याचा उल्लेख नाही.

बोस्फोरसकाठच्या बोआझिची विद्यापीठाचेही असेच. १८६३ मध्ये अमेरिकनांनी काढलेल्या रॉबर्ट कॉलेजातून १९७१ मध्ये हे सरकारी विद्यापीठ झाले. अमेरिकेत पीएच.डी. करून तिथली नोकरी नाकारून आलेल्यांचे ते हक्काचे ठिकाण होते. कुलगुरू निवडण्यात प्राध्यापकांच्या मताला स्थान होते. ऑक्टोबर २०१६ च्या वटहुकमाने ते गेले. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी बाहेरचा कुलगुरू नेमला. प्राध्यापक अंगात पदवीदानाचे झगे घालून रोज दुपारी कुलगुरूंच्या इमारतीकडे पाठ करून उभे राहू लागले. आम्ही सचिवालयात पुष्कळ निदर्शने पाहिली, घोषणा ऐकल्या, काचा फुटलेल्या पाहिल्या. नुसती पाठ फिरवण्याची ही रीत आम्हांस अधिक जड वाटते.

डॉक्टरांची स्थितीही पाहावी. तुर्की वैद्यक संघटनेकडून परदेशी नोकरीसाठी लागणारे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र घेणाऱ्या डॉक्टरांची संख्या २०१२ मध्ये ५९ होती. २०२२ मध्ये ती २६८५ झाली. मार्च २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी आधी, जातात तर जाऊ द्या, असे म्हटले; नंतर आठवड्याच्या आत सूर मऊ केला. पुष्कळ वर्षे सरकारी भाषा ऐकलेल्या आमच्या कानांना यातील पहिले वाक्य अधिक प्रामाणिक वाटते.

दार बंद करण्याची ही सवय तेथे कालची नाही, आणि हैदराबादकरांना तर ती ठाऊक असायला हवी. निलोफर दवाखान्यावरून आपण रोज जातो. पुरानी हवेलीजवळ दुर्रुशेहवार यांच्या नावाचे मुलांचे इस्पितळ आहे. या दोन्ही ऑटोमन राजघराण्यातील स्त्रिया. मार्च १९२४ मध्ये त्या घराण्याला देशाबाहेर काढले गेले. नोव्हेंबर १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे निजामाच्या दोन पुत्रांशी त्यांचे विवाह झाले. दुर्रुशेहवार यांचे वडील, अखेरचे खलिफा अब्दुल मजीद, १९४४ मध्ये पॅरिसला वारले. त्यांचे दफन इस्तंबूलला व्हावे यासाठी मुलीने खटपट केली. अंकाराने परवानगी दिली नाही. पार्थिव दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत राहिले आणि १९५४ मध्ये मदिनेला दफन झाले. घराण्यातील स्त्रियांना देशात यायची मुभा १९५२ मध्ये मिळाली, पुरुषांना १९७४ मध्ये. राजघराणे आणि रसायनशास्त्रज्ञ यांची तुलना होत नाही, हे आम्ही जाणतो. पण दाराशी उभा राहून कोणास घ्यावे, कोणास नाही आणि किती वर्षांनी, हे ठरवणारा पहारेकरी तोच.

तुर्कांच्या परत येण्याचा चांगला इतिहासही आहे. तो न सांगणे अन्याय होईल. जाहित आर्फ हे गणिती पॅरिसला शिकले आणि परतले. गटिंगेनला जाऊन १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुन्हा इस्तंबूलला परतले. साठीच्या दशकात प्रिन्स्टनला दोन वर्षे राहिले आणि पुन्हा परतून अंकाराच्या विद्यापीठात शिकवू लागले. तुबिताकचे आरंभीचे धुरीण तेच. २००९ च्या दहा लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र आणि त्यांचे सूत्र छापले आहे. तीनदा गेले, तीनदा आले. त्यांना कोणी ‘निर्णायक परती’ची अट घातली असती, तर तिसऱ्यांदा ते गेले असते की नाही, आणि दुसऱ्यांदा आले असते की नाही, याचा विचार व्हावा.

याउलट अझीझ सांजार. मार्दिन प्रांतातील सावुर गावच्या एका निरक्षर आईबापांचा हा मुलगा इस्तंबूलला डॉक्टर झाला, आपल्या मुलखात काही काळ डॉक्टरकी केली, अमेरिकेत गेला आणि २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवता झाला. १९ मे २०१६ रोजी त्याने ते पदक अंकारा येथील अतातुर्कच्या समाधिस्थानाला अर्पण केले. पदक परतले, प्रयोगशाळा नॉर्थ कॅरोलिनातच राहिली. त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आपल्या ठरावाच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे मात्र त्याच्याकडून व्याजासह वसुली निघाली असती.

कर्जाच्या युक्तिवादाबद्दल दोन शब्द. समाजाने शिकवले, म्हणून फेडा, हे म्हणणे आम्ही फेटाळत नाही. तुर्कस्तानात १९२९ पासून यासाठी कायदा आहे: सरकारी खर्चाने परदेशी शिकायला गेलेल्याने ठरावीक वर्षे सेवा करावी, न केल्यास रक्कम भरावी, जामीनदार द्यावे लागतात. करार समोर ठेवून, आधी सांगून केलेली ती अट आहे, तिच्यात अन्याय नाही. पण मागाहून, पारपत्र अडवून, वयाच्या चाळिशीत माणसाला ओढून आणणे ही फेड नव्हे. ती जप्ती आहे.

आणि ओढून आणलेल्याचे आपण काय करतो? १९९८ च्या सुमारास आमच्या टेबलावर एक फाईल होती. इंग्लंडमध्ये आठ वर्षे काढलेला एक तरुण शल्यविशारद स्वखुशीने परतला होता आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणूक मागत होता. त्याची परदेशी पदवी आपल्या पदवीशी समकक्ष मानायची की नाही, हा प्रश्न तीन शाखांतून चौदा महिने फिरला. त्यावर दोनदा ‘तपासून पुन्हा सादर करावे’ असा शेरा आहे, आणि दोन्ही सह्या आमच्या आहेत. शेवटी त्याचे चार ओळींचे पत्र आले: मूळ प्रमाणपत्रे परत करावीत. ती आम्ही तिसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने धाडली. त्या प्रकरणात वेळेवर झालेले तेवढे एकच काम. त्याने तक्रार केली नाही, कोणास दोष दिला नाही. आणि जाताना त्याच्याजवळ वैध पारपत्र होते, म्हणून तो जाऊ शकला. आज मंडळाचा ठराव वाचताना आम्हांस आधी तो आठवला. ठरावाप्रमाणे तो येथेच अडकला असता, आणि आमच्या तिसऱ्या शेऱ्याची वाट पाहत बसला असता.

तुर्कीत घर सोडून दूर असण्याला ‘गुर्बेत’ म्हणतात. हाच शब्द आपल्या हैदराबादी बोलीत गुरबत होऊन गरिबी या अर्थानेच अधिक ऐकू येतो. ‘वतन’ त्यांच्याकडे मातृभूमी; आपल्या मराठीत वतन म्हणजे सनद, हक्क, चालत आलेली जागा, जी कोणी लहर लागली म्हणून काढून घेऊ नये. शब्दांची ही देवघेव वाचकांपुढे नुसती ठेवतो. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सर्रास मान्य केले; ज्या तुर्कांनी जर्मन होण्यासाठी मूळ नागरिकत्व सोडले होते, त्यांना तुर्कस्तान आधीपासूनच निळे कार्ड देऊन राहण्याचे-कमावण्याचे बरेचसे हक्क राखून देत आले आहे. आपल्याकडील परदेशस्थ नागरिकत्वाची कार्डे तर जानेवारी २००६ मध्ये याच शहरात, प्रवासी भारतीयांच्या मेळाव्यात, पंतप्रधानांच्या हस्ते प्रथम दिली गेली. दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या दाराची कल्पना आपणांस अपरिचित नाही. ती सोडून पहारेकऱ्याच्या मागे जावे, असे ठरावकर्त्यांना का वाटावे?

ठरावातील पारपत्रासंबंधीचे तिसरे कलम वगळावे, दुसरे कलम आगाऊ लेखी करार झालेल्यांपुरते मर्यादित करावे, आणि प्रस्तावनेत तुर्कस्तानचा उल्लेख राखायचाच असेल तर २०१८ च्या आधी २०१६ हेही वर्ष लिहावे, अशी दुरुस्ती-सूचना आम्ही चिटणिसांकडे लेखी दिली असून तिची पोच घेतली आहे.